चोर सोडून संन्याशाला फाशी : सभ्य चोरांच्या गोष्टींचा हिशेब

आजच्या भागात चोरांविषयी बोलायचंय. साध्यासुध्या नाही, गोष्टीतल्या चोरांविषयी. त्यातही एक खास जात आहे. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड, चारचौघांत वागणं असं की यजमानीणबाईंनी पंगतीत शेजारी बसवून घ्यावं. रात्री त्याच बाईंच्या तिजोरीतला हार गायब होतो आणि सकाळी हाच गृहस्थ चहा घेता घेता हळहळ व्यक्त करतो. सिनेमा, कादंबरी, वेब सिरीज, कुठेही बघा, हा माणूस भेटतोच. आणि तो सुटावा असं आपल्याला मनापासून वाटतं. पोलीस जवळ आले की आपलीच छाती धडधडते.

असं का होतं? 'चोर देखणा असतो, हुशार असतो, शिवाय श्रीमंतांनाच लुटतो' हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. आज आपण हा माणूस कुठून आला ते बघू, आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारू : चोरी झाल्यावर भुर्दंड कुणाला पडला? आपल्याकडे म्हण आहे ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. तर या गोष्टींमधला संन्यासी कोण, ते शोधायचं.

जानव्यानं भिंत मोजणारा चोर

सभ्य चोर म्हटलं की लोक लंडन-पॅरिसकडे बघतात. पण आपल्या भाषांना हा माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' हे संस्कृत नाटक आठवा. मराठी रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांनी ते 'संगीत मृच्छकटिक' म्हणून आणलं, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना ही नावं आपल्याला परकी नाहीत. त्यात तिसऱ्या अंकात एक चोर येतो. नाव शर्विलक. हा ब्राह्मण आहे, वेद शिकलेल्या घरातला आहे, आणि चोरीला तो चक्क शास्त्र मानतो.

आता गंमत बघा. रात्री चारुदत्ताच्या घराच्या भिंतीशी उभा राहून हा गृहस्थ विचार कसला करतो? तर भिंतीला भोक कुठल्या आकाराचं पाडावं! उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे पर्याय त्याच्यासमोर आहेत. उद्या सकाळी शेजारीपाजारी जमतील तेव्हा त्यांनी नावं ठेवता ठेवता कौतुकही केलं पाहिजे, अशी त्याची इच्छा. विटा पक्क्या भाजलेल्या, तेव्हा पूर्णकुंभ बरा, असं ठरतं. मग लक्षात येतं की मापाची दोरी घरीच राहिली. हरकत नाही, गळ्यात जानवं आहे! जानव्यानं भिंत मोजायची, आणि वर आपल्यालाच समजवायचं की आमच्यासारख्यांना या वस्तूचे किती उपयोग असतात.

चोरीचं समर्थनही त्याच्याकडे तयार आहे. लोक याला नीच म्हणतात, पण कुणापुढे हात जोडून चाकरी करण्यापेक्षा हे स्वतंत्र काम बरं. आणि झोपलेल्यांवर रात्री घाला घालायची वाट अश्वत्थाम्यानं आधीच घालून दिली आहे की! एकदा शिकलेला माणूस चोरी करायला निघाला की महाभारतातूनही दाखला काढतो.

आत गेल्यावर त्याला कळतं की हे घर पार बुडालेलं आहे. मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या, बस. तो परत फिरणार, एवढ्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बडबडतो आणि दागिन्यांची पेटी स्वतःच्या हातानं त्याच्या हवाली करतो. निघताना रदनिका ही दासी जागी होते. शर्विलक तिच्यावर हात उगारतो, बाई आहे असं दिसल्यावर थांबतो आणि निघून जातो. ही त्याची सभ्यता.

चारुदत्तही काही कमी नाही. उठल्यावर तो आधी भोक बघतो आणि म्हणतो, काय सुरेख काम आहे! मग त्याला वाईट वाटतं ते बिचारा चोर रिकाम्या हातानं गेला म्हणून. चोर पेटी घेऊन गेला हे ऐकल्यावर त्याला बरं वाटतं.

इथपर्यंत नाटक हसवतं. पण पुढच्याच क्षणी मैत्रेय आठवण करून देतो की ती पेटी आपली नव्हती. ती वसंतसेनेची ठेव होती. चारुदत्त मूर्च्छित पडतो. शुद्धीवर आल्यावर त्याची भीती एकच : खरं काय घडलं यावर विश्वास कोण ठेवणार? गरिबाच्या घरून ठेव नाहीशी झाली की लोक गरिबाकडेच बोट दाखवतात.

आणि मग आतल्या खोलीतून एक बाई पुढे येते. चारुदत्ताची बायको, धूता. माहेरहून मिळालेली एकच रत्नमाला तिच्याजवळ उरलेली असते. नवऱ्याचं नाव राहावं म्हणून ती माला ती देऊन टाकते. शर्विलकाचं शास्त्र, पूर्णकुंभ, जानवं, चारुदत्ताची रसिकता, या सगळ्याचा भुर्दंड धूतानं भरला. नाटककारानं हे लपवलेलं नाही. शर्विलक प्रेमापोटी चोरी करतो, वसंतसेनेची दासी मदनिका हिला सोडवायला. तीच मदनिका दागिने ओळखते, त्याला खडसावते आणि ज्याचे त्याला परत करायला लावते. म्हणजे चोर मोहक आहे, पण त्याच्या चोरीनं कुणाचं काय गेलं हे नाटक आपल्याला दाखवतं.

दंडीच्या 'दशकुमारचरिता'त अपहारवर्मा नावाचा राजपुत्र आहे. चंपा नगरीतल्या कंजूष धनिकांना पैसा टिकत नाही हे शिकवायचं, म्हणून तो घरं फोडतो. त्याच्या सामानात मोजायचा दोरा आहे, खोटं डोकं आहे, दिवे विझवायला किड्यांची डबी आहे. वाचायला फार मजा येते. पण हाच अपहारवर्मा मित्राचं लग्न जुळवण्यासाठी चोरीचा आळ अर्थपती नावाच्या व्यापाऱ्यावर मुद्दाम ढकलतो. त्या माणसाची मालमत्ता जप्त होते आणि त्याला हद्दपार करतात. इथे मात्र लेखक त्याच्यासाठी थांबत नाही. आपण हसतो आणि पान उलटतो.

या दोन वाटा लक्षात ठेवा. एका वाटेवर धूता दिसते, दुसऱ्या वाटेवर अर्थपती दिसेनासा होतो. पुढच्या काळात आणि पुढच्या देशांत याच दोन वाटा पुन्हा भेटणार आहेत.

रॅफल्स आणि क्रिकेटच्या दोन ड्रेसिंग रूम

आता मोठी उडी मारू, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या इंग्लंडमध्ये. स्वस्त सचित्र मासिकांचा हा जमाना. मासिकं रेल्वे स्टेशनवर विकली जायची, आणि एका प्रवासात वाचून संपेल अशी गोष्ट लोकांना हवी असायची. शेरलॉक होम्स याच मासिकांमधून घराघरात पोचला. १८९३ साली कॉनन डॉयलनी त्याला धबधब्यात ढकलून संपवला आणि वाचक हळहळत बसले. दुसरीकडे लंडनसारखं शहर एवढं वाढलं होतं की शेजारचा कोण हे शेजाऱ्याला माहीत नाही. गावात माणूस घराण्यावरून ओळखला जातो, शहरात कपड्यांवरून. म्हणजे ज्याच्याकडे चांगला कोट आणि चांगलं इंग्रजी, त्याला कुठलाही दरवाजा उघडा.

१८९८ साली या उघड्या दरवाजातून ए. जे. रॅफल्स आत आला. त्याचा लेखक ई. डब्ल्यू. हॉर्नंग म्हणजे कॉनन डॉयलचा मेहुणा, बहिणीचा नवरा. १८९९ साली गोष्टींचं पुस्तक निघालं, 'द अमॅच्युअर क्रॅक्समन', आणि ते हॉर्नंगनी डॉयलनाच अर्पण केलं. होम्स-वॉटसनच्या जागी रॅफल्स-बनी. फक्त बाजू उलटी : हे दोघं गुन्हा शोधत नाहीत, करतात. डॉयलना लेखन आवडलं, कल्पना आवडली नाही. गुन्हेगाराला नायक करू नये, हे धोक्याचं आहे, असं आपण मेहुण्याला आधीच बजावलं होतं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

रॅफल्स राहतो पिकॅडिलीत, अल्बनी नावाच्या प्रतिष्ठित इमारतीत. आणि तो क्रिकेटपटू आहे! धीम्या गतीचा उत्तम गोलंदाज. क्रिकेट म्हटल्यावर आपले कान टवकारणारच, तर इथे थोडं थांबू या.

त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. 'जंटलमन' म्हणजे हौशी खेळाडू, घरचा पैसा असलेला. 'प्लेयर' म्हणजे व्यावसायिक, खेळाचे पैसे घेणारा. दोघं एकाच संघात खेळायचे, पण ड्रेसिंग रूम वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत यायची फाटकंही वेगळी. धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि प्लेयरची आडनावानंतर. 'जंटलमन विरुद्ध प्लेयर्स' असा सामना १८०६ ते १९६२ पर्यंत होत राहिला आणि १९६३च्या हंगामापासून हा भेद कायमचा गेला.

आता पुस्तकाच्या नावातला 'अमॅच्युअर' शब्द कळेल. रॅफल्स चोरीतही जंटलमन आहे, म्हणजे हौशी. एका गोष्टीचं नावच 'जंटलमेन अँड प्लेयर्स' आहे. रॅफल्सला एका लॉर्डच्या वाड्यावर क्रिकेट खेळायला बोलावलेलं असतं. आपल्याला केवळ खेळासाठी बोलावलं, जणू आपण कुणी पैसे घेणारे खेळाडू, याचा त्याला राग येतो आणि मग तिथल्या पाहुण्या बाईंच्या हारावर त्याचा डोळा जातो. त्याच हारासाठी लंडनहून धंदेवाईक चोरांची टोळीही आलेली असते. शेवटी पोलिसांच्या तावडीत सापडतात ते धंदेवाले, आणि हार जातो रॅफल्सच्या खिशात.

बघा, काय झालं. एकाच रात्री, एकाच घरात, एकाच हारासाठी दोन चोर आले. एकाला बेड्या आणि दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदान. फरक हुशारीचा होता असं गोष्ट सांगते. पण आपल्याला दिसतं की एकजण पाहुणा म्हणून दिवाणखान्यातून आत आला होता आणि दुसरे अंधारातून. संशयाचा कंदील कुणाच्या तोंडावर धरायचा हे घरातल्यांनी आधीच ठरवलं होतं.

आणि बनी? शाळेपासून रॅफल्सला देव मानणारा हा मित्र. जुगारात बुडाल्यावर रॅफल्सकडे येतो आणि चोरीत ओढला जातो. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीला जहाजावर दोघं पकडले जातात. रॅफल्स समुद्रात उडी टाकतो आणि तुरुंगात जातो तो बनी. पुढे 'द ब्लॅक मास्क'मध्ये रॅफल्स परत येतो आणि शेवटी बोअर युद्धात देशासाठी मरतो. जंटलमनचा शेवटही जंटलमनसारखा. तुरुंगवासाचा डाग मात्र बनीच्या नावावर.

जॉर्ज ऑर्वेलनी १९४४ साली रॅफल्सवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की रॅफल्सला नीती नाही, पण काही गोष्टी 'करायच्या नसतात' एवढं त्याला पक्कं माहीत आहे. उदाहरणार्थ, पाहुणा म्हणून गेलेल्या घरात तो चोरी करील, पण यजमानाच्या घरची नाही, दुसऱ्या पाहुण्याची! हसू येतं, पण ऑर्वेलचा मुद्दा गंभीर होता. त्यांच्या काळात आलेल्या नव्या गुन्हेकथांमध्ये मारहाण आणि सत्तेची पूजा एवढंच उरलं होतं. त्यापुढे रॅफल्सची ही तकलादू मर्यादासुद्धा त्यांना बरी वाटली. हे पटण्यासारखं आहे. मर्यादा असणं नसण्यापेक्षा कधीही चांगलं. पण सभ्यपणाला चांगुलपणा समजायचं का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

सहा वर्षांचा मुलगा आणि राणीचा हार

इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला जाऊ. १९०५च्या जुलैमध्ये 'ज से तू' नावाच्या मासिकात मोरीस लब्लाँ या लेखकाची एक गोष्ट आली. नायक आर्सेन लुपिन. पहिल्याच गोष्टीत तो पकडला जातो, आणि तिथून त्याची सगळी कारकीर्द सुरू होते. १९०७ साली पुस्तक आलं, त्याच्या नावातच 'जंटलमन-घरफोड्या' हे शब्द होते. लुपिन एका सरदाराच्या घरी शिरतो, काही न घेता परत जातो आणि मागे कार्ड ठेवतो : सामान अस्सल झालं की पुन्हा येईन! लब्लाँनी शेरलॉक होम्सलाही त्याच्यासमोर उभा केला. डॉयलनी हरकत घेतली, तर नावातली अक्षरं फिरवून 'हर्लॉक शोल्म्स' केला आणि काम चालू ठेवलं.

याच्या चारच महिने आधी, मार्च १९०५ मध्ये, फ्रान्समध्ये आमिएँ शहरात एक मोठा खटला गाजत होता. आरोपी मारियुस जाकोब, अराजकतावादी. त्याच्या टोळीनं शंभरावर घरफोड्या केल्या होत्या. त्यांचा नियम असा की लुटायचं ते सरदार, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, धर्मगुरू यांना. डॉक्टर, शिक्षक, लेखक यांच्या वाटेला जायचं नाही. कोर्टात तो विनोद करायचा आणि समाजव्यवस्थेवर भाषणं द्यायचा. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? लुपिनचा मूळ पुरुष तोच, असं पुष्कळांनी म्हटलंय. लब्लाँच्या डोक्यात तो होता की नव्हता हे बाजूला ठेवू, पण वाचकांच्या डोक्यात तो नक्कीच ताजा होता.

मात्र गोष्टीतल्या आणि खऱ्या चोरात एक फरक आहे. १९०३ साली अब्बेविल इथे पळून जाताना जाकोबच्या टोळीच्या हातून एक पोलीस शिपाई मेला. जाकोबला जन्मठेप झाली, फ्रेंच गयानाच्या काळ्या पाण्यावर त्यानं वीसेक वर्षं काढली. लुपिनच्या जगात असा मेलेला शिपाई आणि त्याचं घरदार आपल्यासमोर येत नाही. तिथे पोलीस हा फजिती होण्यासाठीच असतो.

तरी लब्लाँना सगळं सोपं करून टाकायचं नव्हतं, हे एका गोष्टीत दिसतं. तिचं नाव 'राणीचा हार'. एका उमराव घराण्यात एक ऐतिहासिक हार असतो, आणि एके रात्री तो बंद खोलीतून नाहीसा होतो. संशय कुणावर? घरात आन्रिएत नावाची एक विधवा राहत असते. ती त्या उमराव बाईंची शाळेतली मैत्रीण, पण खालच्या थरात लग्न केलं म्हणून आता जवळजवळ मोलकरणीसारखी, शिवणटिपण करत एका कोपऱ्यातल्या खोलीत पडलेली. सोबत सहा वर्षांचा मुलगा. पुरावा काही सापडत नाही, पण काही महिन्यांनी तिला घराबाहेर काढतात. पुढे दरवर्षी तिला टपालानं पैसे येत राहतात, कुणाकडून ते तिला कळत नाही. खूप वर्षांनी उलगडतं की हार त्या सहा वर्षांच्या मुलानंच काढला होता, आईचा रोजचा अपमान बघून. तो मुलगा म्हणजे पुढचा लुपिन.

ही गोष्ट मला लुपिनच्या सगळ्या करामतींपेक्षा मोठी वाटते. कारण तिच्यात भुर्दंड भरणारी बाई प्रत्यक्ष दिसते. मुलानं आईसाठी चोरी केली, आणि त्या चोरीचा संशय आला आईवर. त्यानं पैसे पाठवून भरपाई केली खरी, पण गेलेलं नाव त्या पैशानं परत आलं नाही.

२०२१ साली नेटफ्लिक्सवर 'लुपिन' ही फ्रेंच मालिका आली, ओमार सी हा त्यातला नट. मालिकाकारांनी लुपिनच्या गोष्टींमधून नेमका हाच धागा उचलला. नायक आसान दियोप. त्याचे वडील सेनेगलहून आलेले, एका धनाढ्याच्या घरी ड्रायव्हर. राणीच्या हाराच्या चोरीचा आळ त्यांच्यावर येतो, ते तुरुंगात जातात आणि तिथेच जीव देतात. चोरी झालेलीच नसते; मालकानंच विम्यासाठी बनाव रचलेला असतो. संशय मात्र कुणाला वेगळा सुचलाच नाही. काळा, परदेशी, नोकर, अजून काय पुरावा पाहिजे? आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? बांगडी सापडली नाही की पलंगाखाली बघायच्या आधी कामवाल्या मावशींना विचारतात. बांगडी नंतर सापडते, पण त्या मावशी पुन्हा त्या घरात पहिल्यासारख्या वावरू शकत नाहीत.

ज्यांना चोर व्हायला चोरीच करावी लागली नाही

आता आपल्याकडे येऊ. रॅफल्सच्या करामती वाचून इंग्लंड खूश होत होतं, त्याच काळात त्याच इंग्रजांचं सरकार हिंदुस्थानात काय करत होतं? १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्यानुसार सरकारनं एखाद्या जमातीचं नाव यादीत घातलं की तिच्यातली माणसं जन्मानंच संशयित. नोंदणी करायची, पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. पुढे १९११ च्या कायद्यानं हे जाळं आणखी पसरलं. सोलापूरला अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. हा कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. शिक्का मात्र तसा पुसला गेला नाही.

या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघा. एकीकडे असा माणूस जो चोरी करूनही चोर दिसत नाही, कारण तो जंटलमन आहे. दुसरीकडे असं पोर ज्यानं अजून पाऊलही टाकलेलं नाही, पण सरकारदरबारी ते चोर आहे. दोन्हीकडे न्याय एकच : माणसानं काय केलं ते बघायचं नाही, तो कोण आहे ते बघायचं.

मराठीत या दुसऱ्या बाजूची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांनी दिली, 'उचल्या' या आत्मकथनात. त्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात चोरी आहे, पण कार्ड ठेवून जाणारी नाही. भूक आहे, पोलिसांचे छापे आहेत, मारहाण आहे, आणि दुसरं काम मागायला गेलं तर कुणी देत नाही हे वास्तव आहे. सभ्य चोराच्या गोष्टी वाचणाऱ्यानं हे पुस्तक एकदा वाचावंच. गोष्टी आवडणं बंद होत नाही. फक्त त्यातला 'सभ्य' हा शब्द कुणाला परवडतो, हे कळतं.

आपल्या रंगभूमीवरचे दोन बदमाश

मराठी वाचकानं कायद्याच्या पलीकडचे नायक कमी वाचलेले नाहीत. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड यांच्यावर पिढ्या वाढल्या. १९४३ साली बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत'मध्ये अशोककुमारनं रंगवलेला पाकीटमार देशभर गाजला. पण आजच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं ते दोन नाटकांनी.

पहिलं 'तीन पैशाचा तमाशा'. याची वंशावळ लांबलचक आहे. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे यांनी 'बेगर्स ऑपेरा' लिहिला, त्याचा नायक मॅकहीथ हा वाटमाऱ्या. दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेख्तनी त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी तो मराठीत आणला, थिएटर अकॅडमीसाठी, दिग्दर्शक जब्बार पटेल. ब्रेख्तनी काय केलं, तर मॅकहीथचे सभ्य कपडे तसेच ठेवले, पण त्या कपड्यांचा अर्थ बदलला. हा चोर हिशेब ठेवतो, माणसं नोकरीला ठेवतो, पुढेमागे बँकेच्या धंद्यात शिरायचा त्याचा विचार आहे. चोर जंटलमनसारखा दिसतो यात नवल नाही. जंटलमन जे करतात ते चोरीपेक्षा वेगळं आहे का, ते सांगा! गोष्टीतली मौज तशीच राहते, फक्त ती प्रेक्षकांवर उलटते.

दुसरं आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच'. पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२, दिल्लीत. एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून सुचलेलं नाटक. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपांत दिसायचे. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि फिरत्या रंगमंचावर एकेका साक्षीबरोबर त्याची जुनी रूपं उलगडायची. गोडबोल्या, हजरजबाबी, नम्रतेचा पुतळा. प्रेक्षक त्याच्या प्रत्येक वाक्यावर हसायचे.

पण अत्र्यांनी नाटक बांधलं ते कोर्टाच्या चौकटीत, आणि तिथेच सगळा फरक पडला. कोर्टात फसवणारा एकटा बोलत नाही. फसवले गेलेले एकेक करून उभे राहतात आणि आपलं काय गेलं ते सांगतात. ज्या बायकांना लग्नाचं आमिष दाखवून त्यानं लुटलं, त्यांचं आयुष्य आपल्यासमोर येतं. आपण लखोबावर हसतो आणि दुसऱ्याच क्षणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या बाईकडे बघून ओशाळतो. लखोबाची मोहिनी नाटक नाकारत नाही. उलट ती पूर्ण जोरात दाखवतं, म्हणजे या बायका भोळ्या नव्हत्या, आपणही तिथे असतो तर फसलो असतो, हे आपल्याला कळतं.

मग या गोष्टी वाचायच्या की नाही?

वाचायच्या, जरूर वाचायच्या. डॉयलना भीती वाटली तशी रॅफल्स वाचून कुणी तिजोऱ्या फोडायला निघत नाही. या गोष्टींमधला आनंद खरा आहे. ज्यांना रोज दारावर अडवलं जातं त्यांना, एखादा माणूस नुसत्या धिटाईवर आणि चांगल्या कोटावर सगळी दारं उघडतो, हे बघायला आवडणारच. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे त्याची थोडी फजिती व्हावी, यातही वाईट काही नाही.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची घ्यायला हवी. चोराचं गोड बोलणं ऐकता ऐकता आपल्याला सवय लागते ती माणूस कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ओळखायची. हीच सवय घेऊन आपण पुस्तकाबाहेर येतो. मग इस्त्रीच्या शर्टातला माणूस बँक बुडवून परदेशी गेला तर त्याच्या हुशारीच्या गोष्टी चघळतो, आणि सोसायटीतून सायकल गेली की पहिल्यांदा वॉचमनला बोलावतो. लखोबाला हसतानाही हेच होतं आणि लुपिनला टाळ्या वाजवतानाही.

म्हणून पुढच्या वेळी असा एखादा सिनेमा बघाल, तेव्हा चोर सुटल्यावर दोन मिनिटं त्या घरातच थांबा. सकाळ झाली आहे, हार गेलेला आहे, पोलीस आले आहेत. आता कुणाला रांगेत उभं करतायत ते बघा. स्वयंपाकीण असेल, माळी असेल, कुणी ड्रायव्हर असेल. लेखकानं त्यांना एखादं नाव दिलंय का? एखादं वाक्य तरी? शूद्रकानं धूतेला दिलं होतं. लब्लाँनी आन्रिएतला दिलं, अत्र्यांनी साक्षीदारांना दिलं. जिथे ते मिळालेलं नाही तिथे गोष्ट मजेची असेल, पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे असं खुशाल समजा.

तुमच्या वाचनात किंवा पाहण्यात असा एखादा सभ्य चोर आला असेल, मराठीतला असेल तर फारच उत्तम, तर आम्हाला जरूर कळवा. आणि त्याच्याबरोबर हेही लिहा, त्या चोरीचा आळ शेवटी कुणावर आला होता. आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटूच.